सव्वा डॉलरची मालकीण

फॉर्म भरावा तर मीच! हे मी गर्वानं सांगत नाही, पुराव्यानिशी सांगते. बॉथेल गावातल्या एका बायोटेक कंपनीत मी पंधरा वर्षं जिवाणू वाढवले आणि त्यांची कागदपत्रं लिहिली. आमच्याकडे एखाद्या जिवाणूनं कूस बदलली तरी तारीखवार नोंद व्हायची. मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मीही कमी झाले, आणि मी श्रीखंडाचा धंदा काढला. त्यासाठी राज्याकडे ‘एम्प्लॉयर’ म्हणून नाव नोंदवायचं होतं. मला ते काम गरम पोळीवर तूप सोडण्याइतकं सोपं वाटलं.

“अकाउंटंटला दे ना यार,” माझा नवरा सौमित्र म्हणाला. “उगाच डोक्याला ताप.”

“चारशे पानांचे अहवाल मी एकही चूक न करता पाठवलेत! आणि हा तर साधा ऑनलाइन फॉर्म आहे.”

“तेच म्हणतोय मी. तू फार खरं लिहितेस, रीमा.”

ही तक्रार आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

एम्प्लॉयर व्हायचं होतं ते आश्लेषामुळे. आश्लेषा नागपूरची, एम.कॉम. झालेली. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली आणि नऊ वर्षं तिला काम करायची परवानगीच नव्हती. मार्चमध्ये एकदाचं वर्क परमिट हातात पडलं. तिच्या हाताला चव आहे म्हणजे किती? मी मोजूनमापून, तापमान बघून लावलेलं दही ती घोटायला घेते, तेव्हा त्याचं श्रीखंड होतं. तेच दही मी घोटलं की त्याचा प्रयोग होतो.

आता अडचण अशी की एका डेकेअरनंही तिला नोकरी देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, जिथून आधी पगाराचा चेक येईल तिथे जा. आणि पगार काढून देणारी कंपनी मला सांगत होती, राज्याकडून तुमचा एम्प्लॉयर नंबर आल्याशिवाय चेक निघणार नाही! थोडक्यात, शुक्रवारच्या आत नंबर नाही तर आश्लेषा नाही, आणि आश्लेषा नाही तर श्रीखंड नाही.

तेवीस जूनला, सोमवारी मी फॉर्म उघडला. नाव, पत्ता, धंद्याचं स्वरूप, सगळं झरझर भरलं. पुढचा प्रश्न होता, पहिला पगार कोणत्या तारखेला दिला किंवा देणार? मी येणारा शुक्रवार टाकला.

“खोटं कशाला लिहितेस?” मागून आवाज आला.

सासूबाई! सहा महिन्यांसाठी आलेल्या. वेलदोडे सोलता सोलता त्या माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत होत्या.

“खोटं काय त्यात, आई?”

“पाडव्याला दिला ना तिला पहिला पगार! माझ्या हातानं दिला. साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त, तो काय वाया घालवायचा?”

खरंच की! धंदा रीतसर सुरू झाला जूनमध्ये, भाड्याचं स्वयंपाकघर आणि परवाने मिळाल्यावर. पण मुहूर्त केला होता पाडव्याला. घरामागच्या लाकडी डेकवर गुढी उभी होती. आश्लेषानं सकाळी येऊन पहिला चक्का घोटला होता. आईंनी तिला हळदकुंकू लावून हातावर सव्वा डॉलर ठेवला होता आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, “हा तुझा पहिला पगार हो!”

काम केलं होतं. पैसे दिले होते. पगार हा शब्दही वापरला होता. शास्त्रात याला निरीक्षण म्हणतात, आणि निरीक्षण मी आजवर कधी दडपलेलं नाही. मी तारीख बदलली. तीस मार्च. पगार, एक डॉलर पंचवीस सेंट. सबमिट!

दुसऱ्या दिवशी नंबर येईल म्हणून मी मेल उघडली, तर आत लाल अक्षरं! जानेवारी ते मार्च या तिमाहीचा तुमचा अहवाल आलेला नाही, त्याची मुदत उलटून गेली आहे, खुलासा होईपर्यंत नंबर देता येत नाही. मी खुर्चीतच बसले होते, तरी पुन्हा बसले! तीस मार्च! तिमाही संपायला एक दिवस उरला असताना आमचा पाडवा आला होता. शनी-मंगळाची युती मी ऐकून होते. पंचांगाची आणि तिमाहीची युती पहिल्यांदाच भोगत होते.

बुधवारी फोन लावला. आश्लेषा सह्या करायला घरी आलीच होती, म्हणून स्पीकर चालू ठेवला. बराच वेळ संगीत वाजल्यावर ग्लोरिया नावाच्या बाई आल्या. आवाज अगदी मऊ.

“मॅम, आख्ख्या तिमाहीत तुम्ही एका कर्मचाऱ्याला सव्वा डॉलर दिलात?”

“हो.”

“आणि तिनं काम किती वेळ केलं?”

मी आश्लेषाकडे बघितलं. ती बोटांवर मोजत होती, तेवढ्यात आई पुढे सरसावल्या. इंग्रजीत! “होल नाइट! होल नाइट हँगिंग!”

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. प्रयोगशाळेतलं सेंट्रिफ्यूज यंत्र मध्येच बंद पडतं ना, तशी.

“मॅम,” ग्लोरियाबाई फार जपून म्हणाल्या, “रात्रभर कोणाला टांगलं होतं?”

“दही!” मी किंचाळले. “दही टांगलं होतं! फडक्यात बांधून! माणूस नाही!”

“ओके. दही. पैसे कुणी दिले?”

“माझ्या सासूबाईंनी.”

“त्या धंद्यात भागीदार आहेत?”

“नाही, त्या पाहुण्या आहेत.”

“पाहुण्या तुमच्या कर्मचाऱ्यांचे पगार करतात?”

“काय म्हणतेय गं ती?” आईंनी विचारलं.

“तुम्ही कोण, असं विचारतेय.”

मी अडवायच्या आत आई फोनवर वाकल्या आणि म्हणाल्या, “आय ॲम बॉस!”

सौमित्र लॅपटॉपमागे बसला होता. तो आणखी मागे, जवळजवळ टेबलाखालीच गेला. माझ्या डोळ्यांपुढे उद्याचं चित्र तरळलं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या, वेलदोड्यांच्या वासाच्या गुप्त मालकीणबाई, रात्रभर टांगलेली कर्मचारी आणि सव्वा डॉलर रोजंदारी!

मग मी पाडवा, मुहूर्त, सव्वाचा शकुन, सगळं समजावून सांगितलं. क्रम कुठेही चुकला नाही. ग्लोरियाबाईंनी सगळं टिपून घेतलं.

“मॅम, मग ही भेट झाली की! शुभेच्छा म्हणून दिलेली. तसं म्हणा. मी पाडव्याची तारीख काढून टाकते, तुमचा नंबर आजच निघेल.”

सुटलो! सौमित्र टेबलाखालून वर आला. मी तोंड उघडलं, “येस, इट वॉज अ गि...”

“नाही.”

आश्लेषा उठून उभी राहिली होती.

“भेट नाही, रीमाताई. भेटी मी नऊ वर्षं घेतेच आहे. दिवाळीला डबे, बारशाला साड्या, घे गं बाई, तुला कुठे कमाई आहे! त्या दिवशी मी चार तास घोटलं. मनगट धरलं होतं माझं. तो माझा पगार आहे. पगारच लिहायचा, नाहीतर मी चालले डेकेअरला!”

आई वेलदोडा सालीसकट चावत राहिल्या. ज्या बाईसाठी हा सगळा आटापिटा चालला होता, तीच सुटकेचं दार लावून घेत होती! आणि सर्वांत वाईट म्हणजे तिचं निरीक्षण बिनचूक होतं.

मी भाषांतर केलं. ग्लोरियाबाई म्हणाल्या, “शी इज राइट, यू नो.”

मग कायदा सुरू झाला. चार तास, राज्याच्या किमान वेतनानं, वजा सव्वा डॉलर. तो फरक द्या. मागच्या तिमाहीचा अहवाल आत्ता भरा. त्यावरचा कर चिंचोक्याएवढा निघाला, उशिराचा दंड नारळाएवढा! मी एकेक रकाना भरत गेले आणि संध्याकाळी नंबर आला. शुक्रवारी आश्लेषाच्या नावाचा चेक निघाला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, डेकेअरला फोन करून ‘येत नाही’ असं कळवलं, आणि मी हळूच डोळे पुसले. चष्म्यावर वाफ आली होती, दुसरं काही नाही.

फोन ठेवताना ग्लोरियाबाईंनी कर्मचाऱ्याचे हक्क सांगितले होते, त्यात आजारपणाची भरपगारी रजा होती. कामाच्या तासांप्रमाणे साठते, रुजू झाल्यापासून तीनएक महिन्यांनी वापरता येते. आश्लेषानं फक्त एवढंच विचारलं होतं, “म्हणजे पाडव्यापासून?” माझ्या ते लक्षातच राहिलं नाही.

पुढच्या सोमवारी, पाडव्याला बरोबर तीन महिने झाले त्या दिवशी, एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. सकाळी मेसेज आला. “ताई, मनगट दुखतंय. रजा घेतेय. अर्धा तास. तेवढीच साठली आहे.”

आईंनी हाताची घडी घातली. “मी नाही बाई हात लावणार. ती ग्लोरिया पुन्हा विचारेल, ही कोण म्हणून!”

मग मीच पदर खोचला आणि अर्धा तास एकटीनं चक्का घोटला. तेवढ्या वेळात बारा डबे भरले. मग आश्लेषा आली आणि उरलेलं काम तिनं हां हां म्हणता उरकलं.

लग्न थाटात झालं. रात्री वधूच्या आईचा फोन आला. श्रीखंड अप्रतिम, पाहुणे बोटं चाटत होते, सगळं अगदी छान.

“फक्त ते बारा डबे जरा वेगळे लागले हो,” त्या मायेनं म्हणाल्या. “नवीन बाई ठेवलीत वाटतं कामाला? असू द्या, शिकेल हळूहळू!”