गडद करड्याचे सर

आमच्या किहीममध्ये पाटील सरांसमोर कशालाही काळं म्हणायची सोय नाही. कावळासुद्धा त्यांच्या लेखी ‘गडद करडा’.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि आता गावातल्या कॉटेजवाल्यांना वेबसाइट करून देतात. माझ्या कॉटेजची करत होते तेव्हा मी म्हणालो, “सर, अक्षरं सरळ काळी ठेवा की.”

सरांनी कप खाली ठेवला. “पांढऱ्यावर कुळकुळीत काळं डोळ्यांत घुसतं. लिहून घे. गडद करड्याचा आकडा, हॅश आणि सहा वेळा तीन. कंटाळा आला तर तीनदाच तीन, रंग तोच. आरजीबीत एक्कावन्न, एक्कावन्न, एक्कावन्न. लाल, हिरवा, निळा, तिघांना सारखं वाढायचं. पंक्तिभेद नाही.”

पुढे सर माणगावला लग्नाला गेले असताना मी साइटवर फोन नंबर टाकायला बसलो. आकडे आठवेनात, म्हणून रंगाच्या जागी इंग्रजीत नुसतं ‘डार्कग्रे’ लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी एक पाहुणा विचारत विचारत दारात आला. “नंबर टाकलाय म्हणता, पण तो दिसत कुठे हाय?”

सर परतल्यावर कबुली द्यायला गेलो.

“नावावर गेलास ना?” सर शांतपणे म्हणाले. “डार्कग्रे हा नुसत्या ग्रेपेक्षा फिका असतो. नाव ठेवणाऱ्यांचा घोळ. बस, दुरुस्त करतोय.”

कॉम्प्युटरसमोर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. डोळ्यांच्या दुखण्यानंतर त्यांचं पेपर, पुस्तकं सगळं सुटलंय, एवढं मला ठाऊक होतं. पडद्यावर माझंच पान होतं, अक्षरं बोराएवढी.

“आता?” सरांनी आकडा बदलला.

“बोचतंय.”

“आता?”

“हं. आता बरं.” आणि काकू एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागल्या. दोन खोल्या, मागे नारळाची वाडी, जेवणात सोलकढी. सर डोळे मिटून ऐकत होते. “चाळीस वर्षं रोज सकाळी हीच मला पेपर वाचून दाखवायची,” ते हळूच म्हणाले.

पान संपलं. काकूंनी विचारलं, “एवढंच? पुढे नाही काही?”

सरांनी डोळे उघडले. मीच म्हणालो, “आहे ना काकू. उद्या आणतो.”

घरी आलो आणि वाडीतल्या विहिरीपासून लिहायला सुरुवात केली.