बाबांचा आवाज कुणी दाबला?

मुलांनो, मिटा बरं डोळे. एक खोली दिसतेय? खोलीत संगणक, आणि संगणकासमोर कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक मामा. तो म्हणतोय, "मुंगी रडली तर कोणत्या डोळ्याने रडली, ते सांगणारा गुप्तहेर आहे मी! माझं नाव ऐकून चोर रजा टाकतात!"

त्याच्या भाचीला, टिटवीला, हे सगळं पाठ होतं. मामाने आजवर लावलेला एकमेव शोध म्हणजे त्याचाच चष्मा. तो डोक्यावर होता, आणि आजीने दाखवला होता.

आज मात्र शोध लागायलाच हवा होता. टिटवीचे बाबा जहाजावर कामाला होते. त्यांनी व्हिडिओ पाठवला होता. पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, पण आवाज? शून्य! तासाभरात जहाज बंदर सोडणार, मग महिनाभर निरोप नाही. बाबांनी काहीतरी विचारलेलं दिसत होतं. पण काय, ते कळल्याशिवाय टिटवी उत्तर काय पाठवणार?

"स्पीकर मेला," मामा म्हणाला.

तेवढ्यात स्पीकर 'टुंग' वाजला.

"मेला नाही! म्हणजे खाऱ्या वाऱ्याने बाबांचा घसा बसलाय."

"मग ते एवढं बोलतायत कशाला?"

"हुशार आहेस. तर मग आवाज वाटेत समुद्रात पडला!"

"मामा, चाळीसच मिनिटं राहिली रे!" टिटवीने घड्याळाकडे बोट दाखवलं.

पलीकडे आजी शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पट्टी खाली असेल."

मामा टेबलाखाली शिरला आणि धुळीने माखलेली फूटपट्टी घेऊन बाहेर आला. "सापडली! हिनेच गुन्हा केलाय!"

"अरे शहाण्या, टेबलाखाली नाही, पडद्यावर! व्हिडिओच्या कोपऱ्यात आवाजाची पट्टी आहे ना, ती. काल मीच खाली ओढली. तुझ्या त्या रहस्यमालिकेतल्या किंकाळ्यांनी कान किटले होते माझे."

मामाने फूटपट्टी पाठीमागे लपवली. टिटवीने माउस पकडला, कोपऱ्यातला ठिपका धरला आणि पट्टीवर हळूहळू पुढे सरकवला. आधी कुजबुज, मग घोगरं हसू, मग खोलीभर बाबा:

"...हलणारा दात पडला का गं? पडला असेल तर दाखव बरं!"

टिटवीने कॅमेरा चालू केला, खुर्चीवर चढली आणि पडलेल्या दाताची रिकामी जागा दिसेल असा मोठ्ठा आ केला.

"अगं, बोल काहीतरी!" मामा ओरडला. "नाहीतर त्यांना वाटेल, पुन्हा आवाज गेला!"

टिटवीने आ आणखी मोठा केला.