लाइट गेली तेव्हा लाइनमन हसत होते

"सुट्टी भेटणार नाई म्हणजे नाई," असं धनंजय साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा नागसेन लाइनमनचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला.

"साहेब, पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले पुलगाववरून. बापच घरी नसन तर कसं दिसन?"

"अन् ट्रेनिंगले माह्याच सेक्शनचा माणूस नसन तर मी कसा दिसन?"

"पण कायची ट्रेनिंग हाय जी?"

"ग्राहकाशी हसतमुख संवाद. वरून आदेश हाय. जे लोकांच्या तोंडापुढं जातात, त्यायले पयले हेच शिकवायचं."

नागसेनने कपाळाला हात लावला. त्याचं कारण असं की, सहा महिन्यांपूर्वी त्याच्या गावच्या, म्हणजे आंजीच्या सबस्टेशनात एक नवीन पॅनल बसवलं होतं. ते मनात येईल तेव्हा बंद पडे आणि मनात येईल तेव्हा सुरू होई. सोबत नव्वद पानांची इंग्रजी चोपडी आली होती. लाइनमन लोकांनी तीनदा अर्ज केला, की बाप्पा, आम्हाला हे यंत्र शिकवा. त्यावर उत्तर म्हणून प्रशिक्षणाचा प्राधान्यक्रम आला. पहिल्या नंबरवर स्मितहास्य, दुसऱ्यावर नमस्कार, तिसऱ्यावर इस्त्रीचे कपडे, असं करत करत पॅनल सातव्या नंबरवर. आठव्या नंबरवर रबरी हातमोजे कसे वापरावेत ते होतं. हातमोजे मात्र अजून आलेच नव्हते!

नागसेनने मग स्वतःचीच विद्या काढली. पॅनल बंद पडलं की पाच मिनिटं थांबायचं, दोन शिव्या घालायच्या आणि डाव्या अंगाला एक थाप मारायची. लाइट यायची. त्याची मुलगी जागृती शाळेत विज्ञान शिकवायची, तिला हा प्रकार अजिबात खपत नसे. ती रोज संध्याकाळी चोपडी घेऊन बसायची आणि इंग्रजीच्या बाजूला पेन्सिलीने मराठी लिहून काढायची. "बाबा, यात थाप कुठीच नाई लिहेल," ती म्हणायची.

तर असा हा नागसेन मे महिन्याच्या त्या सकाळी, पाहुण्यांसाठी नवीन शर्ट घालून, बायको अंजूच्या शिव्या खाऊन, पिपरी मेघे गावातल्या ट्रेनिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसला. अंजूने पाहुण्यांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते मोठ्या साहेबांसोबत मीटिंगमध्ये आहेत, एवढंच. दातात पेन्सिल धरून बसलेत हे तिलाही ठाऊक नव्हतं म्हणा.

हो, पेन्सिल! पुण्याहून आलेल्या वर्षाली मॅडमनी सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा केले आणि प्रत्येकाला एक एक पेन्सिल दिली. "ही आडवी दातात धरा. आता गाल वर जातात ना? हेच खरं स्मित!" बावीस लाइनमन पेन्सिल चावत एकमेकांकडे बघत बसले. शेजारच्या भूपेंद्रच्या तोंडातून लाळ गळायला लागली.

"आता वाक्यं पाठ करा," मॅडम म्हणाल्या. "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो? आणि ग्राहक चिडला तर? आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

"मॅडम, लगेच येतो म्हटलं तर नाई चालत का?" भूपेंद्रने विचारलं.

"अजिबात नाही! येतो म्हटलं की जावं लागतं. मग उशीर होतो, मग तक्रार होते."

मग 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' हे वाक्य सगळ्यांनी पंचवीस वेळा घोकलं. साडेअकराला प्रात्यक्षिक सुरू झालं. मॅडमनी तक्रारीचा फोन त्या दिवसापुरता हॉलमध्ये वळवून घेतला होता, तोही स्पीकरवर. पहिली घंटी वाजली आणि मॅडमनी नेमका नागसेनला पुढे ओढला.

"नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो?"

"आंजीवून बोलून राह्यली," पलीकडून आवाज आला. "अर्धा घंटा झाला लाइट गेली. घरी पाव्हणे हायेत, कूलर बंद, आंब्याचा रस मिक्सरमंदी अर्धाच!"

ही अंजू होती. तिकडे पॅनल बंद पडलं होतं आणि थाप मारणारा हात इकडे पेन्सिल धरून उभा होता.

"मा... माननीय ग्राहक, आपला ग्राहक क्रमांक सांगाल का?"

अंजू दबक्या आवाजात म्हणाली, "अवो... तुमी होय? बह्याड झाले का? डोक्सं फिरलं काय?"

"हसा!" मॅडम कानाशी कुजबुजल्या. "हसू आवाजात उतरलं पाहिजे!"

नागसेन हसला. तेवढ्यात पलीकडून फोन कोणीतरी हिसकावला.

"आना इकडं वयनी, मी बोलतो. हॅलो! मी लहानूजी, पुलगाव. कोन हायेस तू?"

झालं! मुलाचा बापच फोनवर आला. नागसेनने आवाज बदलून एकदम मऊसूत केला. "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो?"

"सेवा गेली चुलीत! लाइट कवा येते थे सांग."

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

"काय समजतं बे तुले? पंचेचाळीस डिग्रीत बसून राह्यलो आमी. तुमचे लाइनमन कुठी झोपा काढून राह्यले? असे कामचोर पायलेच नाई मी जिंदगीत!"

"आपल्या भावना..."

"गोडबोल्या साला!" लहानूजींनी फोन आपटला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत? एवढ्या शिव्या खाऊनही एकदासुद्धा येतो म्हणाला नाही!"

नागसेन धावत साहेबांकडे गेला. "साहेब, आंजीचं पॅनल बंद पडलं. मले जाऊ द्या. तिकडं हेल्पर मुकेश एकटा हाय, त्याले कोनी काईच नाई शिकवलं."

"पाच वाजता हजेरीचा अंगठा लावायचा हाय," साहेब म्हणाले. "त्याच्या पयले कोनी बाहेर नाई."

नागसेनने करंगळी वर केली. याला मात्र प्रशिक्षणात बंदी नव्हती. तो बाहेर गेला, तसाच गाडीवर बसला आणि भर उन्हात आंजीकडे सुटला. वाटभर त्याला एकच दिसत होतं. पाहुणे उठलेत, चपला घालतायत आणि जागृती दारात उभी आहे. पोरीने स्थळं बरीच नाकारली होती, हे पहिलंच तिला आवडलेलं, आणि ते बापाच्या खात्यामुळे मोडणार! त्याला रडू यायचं बाकी होतं.

सबस्टेशनपाशी त्याने गाडी थांबवली आणि बघतच राहिला. फाटकावर 'आत येण्यास मनाई' अशी पाटी होती. पाटीच्या बाहेर जरीच्या साडीत जागृती उभी राहून चोपडीतली आपली पेन्सिलची मराठी मोठ्याने वाचत होती. आत मुकेश तसं तसं करत होता. तिच्या डोक्यावर छत्री धरून पुलगावचा मुलगा, रोशन, उभा होता.

"आता लाल बटन, मुकेशभाऊ. दहापर्यंत मोजा. मग हिरवं."

गावातून एकदम ओरडा झाला. लाइट आली. थाप नाही, शिवी नाही, काही नाही.

घरी कूलर घरघरत होता. "जय भीम, जय भीम!" करत लहानूजी उठले आणि नागसेनचे दोन्ही हात धरून त्यांनी त्याला शेजारी बसवलं. "पोट्टी पसंत हाय आमाले. माहा रोशन तं छत्री घेऊन मागं मागंच फिरून राह्यला. पन माही एक अट हाय."

नागसेन सावरून बसला. अंजू रसाची वाटी घेऊन तिथंच थांबली.

"तुमच्या हाफिसात फोनवर एक गोडबोल्या बसते. त्याले लग्नात बोलवू नोका. माहं डोक्सं असं गरम केलं त्यानं, असं गरम केलं..."

आणि नागसेनचे गाल आपोआप वर गेले. पंचवीस वेळा घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडून मऊसूत आवाजात बाहेर पडलं. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

लहानूजींनी त्याच्याकडे पाहिलं, अंजूकडे पाहिलं. अंजूने पदराआड तोंड लपवलं. लहानूजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण होणाऱ्या व्याह्याला काय काय बोललो, ते त्यांना एकेक करून आठवत असावं.

"व्याही," त्यांनी शेवटी हात जोडले, "माह्याबी भावना समजून घ्या आता."

अंजू फस्सकन हसली. मग सगळेच हसले. आणि त्याच घडीला कूलर थांबला. लाइट गेली.

नागसेन सवयीने ताडकन उठला. लहानूजींनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तुमी बसा व्याही. तुमचं ट्रेनिंग झालं हाय. पोरीले जाऊ द्या."

जागृतीने फळीवरची चोपडी उचलली. रोशन अगोदरच दारात छत्री उघडून उभा होता.