ढगाळ हवेवरची गोळी

माणसं सकाळी उठली की चहा मागतात. आमचे भावजी आधी अंगणात येऊन आभाळाकडे बघतात आणि मग ठरवतात, आज डोक्याची गोळी घ्यायची की नाही.

आभाळ स्वच्छ असलं तर गोळी नाही. थोडं मळभ असलं तर एक. आणि धुकं उतरून पानांवर दव थांबलं, तर एक सकाळी आणि एक दिवेलागणीला.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या डिंगोरे गावात सगळे त्यांना गेनभाऊ म्हणतात. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक अंगण आणि एक तुळस. चाळीस वर्षं त्यांनी द्राक्षबाग केली. द्राक्षवाल्याला एकच भीती, ढगाळ हवेची. हवा बिघडली की डावणीचा रोग येतो, पानं करपतात, घड जळतात. म्हणून आभाळ भरलं की तो फवारणीचा पंप पाठीला लावून निघतो. जे औषध बागेला, तेच शास्त्र अंगाला, असं भावजींचं मत आहे.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून कप पडला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या एका भागाला रक्त कमी पडलंय. आठ दिवसांत हात परत आला. माणूस मात्र आला नाही. भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसायचे. अंघोळ नाही, बागेत जाणं नाही. ताट ठेवलं तर ताट थंड व्हायचं. मग डॉक्टरांनी ही गोळी दिली. म्हणाले, डोक्यातलं रक्त फिरायलाही ही बरी आणि उदासीलाही. रोज एक, सकाळी, काही खाल्ल्यावर. मी शेजारीच बसले होते. नीट ऐकलं.

भावजींनी त्यातलं अर्धंच ऐकलं.

"उदास व्हायला मला काय झालंय?" ते म्हणायचे. "ठिबकची नळी चोकअप व्हती तशी लाइन चोकअप झाली व्हती. गोळी ती साफ करती. बाकी काय न्हाई."

दोन-अडीच महिन्यांत माणूस जेवायला लागला, भांडायला लागला, माझ्या आमटीला नावं ठेवायला लागला. म्हणजे बरा झाला. आणि बरा झाल्याबरोबर त्याने स्वतःचं वेळापत्रक लावलं. मी डॉक्टरांकडे चुगली केली.

"काका, ही रोज घ्यायची," डॉक्टर म्हणाले.

"रोग नसताना?"

"परत येऊ नये म्हणून."

"आसं व्हय. पण एकच औषध सारखं मारलं की रोगाला सवय लागती, डॉक्टर. मधी बदलून मारावं लागतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवलंय.

त्यानंतर भावजींच्या लेकीचा, मंगलचा फोन आला. ती चाकणला असते, नवरा कंपनीत. "मोठी आई," ती मला म्हणाली, "पंधरा दिवसांनी रविवारी येते. दादा नीट दिसले तर ऱ्हाऊ दे तिथंच. न्हाईतर ह्या टायमाला मी घेऊनच जाणार. ते एकटे असले की मला रात्रभर झोप नाय."

चाकणचं घर तिसऱ्या मजल्यावर. भावजी एकदा चार दिवस जाऊन आले होते. "माती कुठंच न्हाई वं वहिनी. कुंड्या हायेत," एवढंच वर्णन त्यांनी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं. भावजी अंगणात आले, वर बघितलं आणि गोळी न घेताच आत गेले. तिसऱ्या दिवशीही तेच.

"का हो? हवा तर खराब आहे."

"तोडणी आलीया ना. आता औषध बंद."

द्राक्षं तोडायच्या आधी काही दिवस फवारणी थांबवतात. परदेशी जाणाऱ्या मालाचं सॅम्पल तपासायला जातं. त्यात औषधाचा अंश सापडला की माल नापास.

"मंगल सॅम्पल घेनार," भावजी म्हणाले. "बाप गोळीवर चाललाय आसं दिसलं की रिजेक्ट. चाकणला रवाना."

"अहो, रिजेक्ट झालेला माल गावातच राहतो."

"तुमाला एक्सपोर्टमधलं कळत न्हाई, वहिनी."

मी रागावले, समजावलं, गोळी तळहातावर ठेवून दारात उभी राहिले. उपयोग शून्य. दहाव्या दिवशी त्यांनी माझ्या आमटीबद्दल काहीच म्हटलं नाही. शुक्रवारी दुपारी भाकरी घेऊन गेले, तर भावजी खाटेवर, तोंड भिंतीकडे. मंगल परवा येणार होती.

"भावजी, उठा. दाढी करा. अशानं ती नक्की नेईल तुम्हाला."

ते वळले नाहीत. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "वहिनी, पारू आशीच बसायची ना?"

पारू त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मंगलच्या पाठीवरचं बाळ महिन्याच्या आत गेलं, तेव्हा पारू अशीच कित्येक महिने भिंतीकडे बघत बसायची. मी तेव्हा तिशीतली, माहेर अवसरीचं, सातवी पास. म्हणजे माझ्या मते मी डिंगोऱ्याची कलेक्टरच. माझ्याकडे सगळ्यावर इलाज होता. मी मिरच्या ओवाळल्या, लिंबू उतरवलं. सासूबाईंना सांगितलं, तिचं काम वाढवा, बसायला वेळच नको. तिला तोंडावर म्हणाले, नाटकं पुरे झाली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून आडावर बायकांना तिची नक्कल करून दाखवली. मान अशी, हात असे, डोळे असे. बायका हसून हसून घागरी खाली ठेवायच्या. मला फार हुशार वाटायचं.

"तवा व्हती का ही गोळी?" भावजींनी विचारलं. "डॉक्टरला दोनदा इचारनार व्हतो. धीर झाला न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भावजींनी स्वतःला उदासीचं औषध लागतं असं मान्य केलं, तर पारूलाही ते लागत होतं असं मान्य करावं लागणार होतं.

"मी बी म्हनलो व्हतो तिला," ते म्हणाले. "ऊठ, काय झालंय तुला."

"गोळी होती की नव्हती, मला ठाऊक नाही भावजी," मी म्हटलं. "आपल्याला विचारायचं सुचलं नाही, एवढं खरं." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "मी आडावर तिची नक्कल करायचे."

"म्हाईत हाय. तिला बी म्हाईत व्हतं."

मी खाटेच्या कडेला बसले.

"काय म्हणायची?"

"म्हनायची, जाऊबाई माझ्यापरीस झ्याक बसत्यात."

भिंतीकडे तोंड ठेवूनच भावजींचे खांदे हलले. हसत होते की रडत होते, मी बघितलं नाही. मग त्यांनी हात मागे केला, तळवा वर. मी आधी भाकरी दिली, मग गोळी.

दोन दिवसांत गोळी काय करणार? रविवारी मंगल आली तेव्हा भावजींची दाढी वाढलेली होती आणि ताट तसंच पडलं होतं. ती काही बोलायच्या आत ते स्वतःच म्हणाले, "मंगल, गोळी मी बंद केली व्हती. लई उदास वाटतं गं मला." मंगल त्यांच्या पायाशी बसली. सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पुन्हा नेमाने सुरू करा, परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतील. मंगलने रजा वाढवली, तेवढे आठवडे राहिली. जाताना पिशवी एकच भरली, तिची. मला म्हणाली, "खरं सांगत ऱ्हातील तर ऱ्हाऊ दे हितं."

आता रोज नाष्ट्यानंतर मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन अंगण ओलांडते. भावजी गोळी घेतात आणि पारूची एखादी गोष्ट सांगतात. सहा वर्षं त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. बहुतेक गोष्टींत एक खाष्ट जाऊ असते. मी शेवटपर्यंत ऐकते, मगच तांब्या उचलते.