आयोडीनचा मान

आमच्या रसायनशास्त्र विभागात स्फटिक वाढवायचा असला, की आधी क्लोरीन, आयोडीन वगैरे हॅलोजनना अक्षत द्यावी लागते. ते रुसले तर रेणूंची पंगत बसत नाही. लग्नात मानकरी असतात, तसे आमच्याकडे हे.

क्लोरीन हलका, बोलावलं की येतो. अतिनील दिवा धरला की त्याच्या स्फटिकातून निळा प्रकाश निघतो आणि दिवा बंद केला की तोही विझतो. पीएचडी करणाऱ्या शलाका आवटीला मात्र दिवा बंद केल्यावरही उजळत राहणारा स्फटिक हवा होता, आणि त्यासाठी आयोडीनच लागतो. घाई होती ती तिच्या मार्गदर्शक मोकाशी मॅडमसाठी. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं या प्रकाशामागे घालवली होती आणि आता त्यांची नजर चालली होती. दिवाळीनंतर दिसेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

घाईत शलाकाने घोळ घातला. आवर्तसारणीत क्लोरीन वर, म्हणून पहिली अक्षत त्याला दिली. आयोडीन वजनाने थोरला. तो फुगून बसला. काचेच्या वाटीत नुसता गाळ उरला. हसू येतं खरं, पण आमच्या घरच्या लग्नांत तरी दुसरं काय होतं?

मग मॅडम स्वतः काठी टेकत गेल्या. आयोडीनला नारळ दिला, चुकलं म्हणाल्या. त्याने अटी सांगितल्या. शेजारी नायट्रोजन हवा आणि त्याच्याकडे थेट तोंड हवं. वाकडं बसणार नाही. बाकीच्या रेणूंनी दाटीने बसायचं, चुळबुळ करायची नाही. चुळबुळीत प्रकाश वाया जातो. मागणी रास्त होती. विभागप्रमुखांनी सही केली.

पंगत बसली. खोलीत अंधार करून शलाकाने अतिनील दिवा स्फटिकावर धरला आणि बंद केला. स्फटिक हिरवा उजळत राहिला. मॅडम वाकून पाहत होत्या. मला भरून आलं; शलाका तर रडलीच. असा प्रकाश फार टिकत नाही. तो मंदावायच्या आधी आयोडीनने विचारलं, "झालं का पाहून?"

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग थांबतो."

दिवाळी होऊन गेली. मॅडमना आता काहीच दिसत नाही. शलाका त्यांना हाताला धरून आणते, स्फटिकासमोर खुर्चीत बसवते. आयोडीन विचारतो, झालं का. मॅडम चेहरा त्याच्याकडे वळवून म्हणतात, अजून नाही.

त्या खोलीतली ट्यूबलाइट विभागाने काढून जिन्यात लावली आहे.