उरेमुश उभा आहे

या, बसा. मागची मंडळी, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट पाठीतच राहते, काळजात उतरत नाही. आपल्याच निना गावच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. तो एकाच वेळी दोन ठिकाणी होता आणि धड कुठंच नव्हता.

उरेमुश हा खजुरीच्या मोठ्या बागेचा मालक. त्याची भक्तीही मोठी होती, पण ती सगळी घशात होती. सणाला देवळात गायकाने वीणा छेडली की उरेमुशचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा आणि प्रसाद वाटायला लागले की हातही सगळ्यांच्या पुढे यायचा. खोरे धरायची वेळ आली की मात्र त्याची कंबर धरायची.

त्या वर्षी पूर मोठा आला आणि कालवा गाळाने भरून गेला. मुकादम इनिमू दारोदार सांगत फिरला, "घरटी एक माणूस! वीस दिवस! कालव्याचा आपापल्या घराच्या वाट्याचा तुकडा आपणच उपसायचा."

उरेमुश बायकोला म्हणाला, "शाशा, माझी कंबर गं..."

"कंबर? कुठंय ती? मला तर लग्न झाल्यापासून दिसली नाही."

उरेमुशने ते कानाआड केले. त्याच्या डोक्यात वेगळेच शिजत होते. गावदेवी नान्शेआईपुढे नवसाने उभ्या राहिलेल्या माणसाला कालव्यावर नेता येत नाही, हा गावचा जुना नियम. आणि ज्याला रोज उभे राहणे जमत नाही त्याने हात जोडलेली आपली दगडी मूर्ती आईपुढे ठेवावी, हाही गावचा जुनाच रिवाज. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायचे आजवर कुणाला सुचले नव्हते. उरेमुशला सुचले.

पाथरवटाने आठ दिवसांत मूर्ती घडवली. शिंपल्याचे टपोरे डोळे, छातीशी जोडलेले हात, आणि पाठीवर कोरलेले: "उरेमुश उभा आहे. आई, त्याला आयुष्य दे." पोट मात्र निम्मेच झाले. दगड पुरला नाही.

पुजारी नामूने एक मेंढी घेतली, मूर्तीच्या ओठांना पाणी लावले आणि जाहीर केले, "आता हा दगड नव्हे. हा उरेमुश."

"मग मी कोण?" उरेमुशने हसत विचारले.

"तू तर हा इथं उभा आहेस की! वीस दिवस हलायचं नाही बरं का."

उरेमुश खुशीत घराकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशी येतो तोच मुकादमाचा आवाज कानावर पडला, आणि पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आले की जो माणूस देवळात उभा आहे त्याला गल्लीत चालता येत नाही. तो भिंतीला चिकटत घरात शिरला आणि जवाच्या रांजणामागे जाऊन बसला.

बाहेर मुकादम सांगत होता, "उरेमुश सुटला. सुटलेल्याचा तुकडा शेजारच्या घरानं उपसायचा. रिवाजच आहे."

शेजारचे घर दुदूबाबाचे. चटया विणणारा, सत्तरी उलटलेला, एकटा जीव. पाठ विळ्यासारखी वाकलेली. तो म्हणाला, "बरं. उरेमुश आईपुढं माझ्याही नावानं दोन शब्द बोलेल," आणि खोरे उचलून चालू लागला.

हे रांजणामागे स्पष्ट ऐकू आले. उरेमुशला लाज वाटली. तेवढ्यात शाशाने भाजलेला मासा आणला आणि लाज माशाबरोबर पोटात गेली.

दिवस जाऊ लागले. देवळात जाऊन आलेल्या बायका वाटेत शाशाला गाठायच्या. "काय गं, तुझा नवरा किती शांत उभा असतो! माणूस पार बदलला."

"बदलला खरा," शाशा म्हणायची. "आता घोरतसुद्धा नाही."

तेराव्या दिवशी लेक निनकलाचे ठरलेले व्याही अचानक येऊन अंगणात बसले. होडीवाले लोक ते. "विहीणबाई, वारा फिरलाय. आमची होडी परवा संध्याकाळी समुद्रापार दिलमूनला सुटणार. लग्न परवा सकाळी उरकू. नाहीतर मग पुढच्या वर्षी."

"अहो, पण निनकलाचे बाबा नवसात आहेत. ते देवळात..."

आतून कुणीतरी खोकले.

"घरात मांजर आहे का?" व्याह्यांनी विचारले.

"आहे ना," शाशा म्हणाली. "लठ्ठ."

शाशा धावत पुजाऱ्याकडे गेली. एका नवसाला दोन मेंढ्या मिळण्याचा रंग दिसताच पुजाऱ्याचे ज्ञान जागे झाले. "नवस मोडता येत नाही, माई. पण नवस उचलून आणता येतो."

लग्नाच्या सकाळी मूर्ती गाढवाच्या गाडीतून वाजतगाजत आली. वधूपित्याच्या आसनावर तिला बसवता येईना, म्हणून उभीच ठेवली आणि खांद्यावर लोकरीची शाल घातली. तिच्यापुढे खजुराच्या वड्यांचे ताट ठेवले. रांजणामागून उरेमुश त्या ताटाकडे बघत होता.

"काय उरेमुशदादा, कंबर बरी आहे ना आता?" मुकादमाने मूर्तीला विचारले. सगळे हसले.

व्याही म्हणाले, "असा व्याही मिळायला भाग्य लागतं. रुसत नाही, मागत नाही, मधे बोलत नाही."

तेवढ्यात दुदूबाबा आला. तो तसाच कालव्यावरून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. निनकलासाठी विणलेली चटई त्याने शाशाच्या हाती दिली आणि मूर्तीपुढे हात जोडले. "उरेमुशा, दोन्ही तुकडे निम्म्यावर आले बघ. तू आईच्या कानावर घातलंस ना, म्हणूनच पाठ टिकली माझी."

रांजणामागे उरेमुशने मान खाली घातली. या वेळी मासा आणायला कुणी मोकळे नव्हते.

व्याह्यांनी निनकलाच्या डोक्यावर तेल ओतले. लग्न लागले. निघायची वेळ झाली तशी ती मूर्तीपाशी गेली आणि तिने वाकून डोके पुढे केले.

"बाबा, निघते मी. हात तरी ठेवा डोक्यावर."

जोडलेले हात जोडलेलेच राहिले. पोर बराच वेळ तशीच वाकून उभी होती.

"चल गं," शाशा तिचा खांदा धरून म्हणाली. "ते नवसात आहेत."

आणि धाडकन रांजण कोसळला. जवाचा लोंढा अंगणापर्यंत आला आणि त्यामागून कोंड्याने पांढरा झालेला एक प्रचंड आकार धडपडत बाहेर पडला. बायका किंचाळल्या. मुकादमाने काठी उगारली.

"मारू नका! मी आहे, उरेमुश!"

"साफ खोटं!" पुजारी पुढे आला. "उरेमुश हा इथं उभा आहे. मी स्वतः त्याच्या ओठांना पाणी लावलंय."

"अहो, तो दगड आहे!"

सगळे दोन पावले पुढे सरकले.

"दगड?" मुकादमाने काठी हळूच खाली केली. "म्हणजे चौदा दिवस आईपुढं दगड उभा होता. मग उरेमुश कुठं होता?"

त्याच क्षणी मागच्या दाराने पळाला असता तर लोकांनी चोर समजून सोडून दिले असते. नवसही शाबूत राहिला असता आणि कंबरही. पण निनकला त्याच्याकडे बघत होती.

"घरात होतो," उरेमुश म्हणाला. "रांजणामागं. मासे खात होतो." आणि त्याने पुढे होऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तेल आणि जवाचा कोंडा यांचा तिच्या केसांत लगदा झाला.

"बाबा," ती रडता रडता हसली, "आंघोळ तरी करायची होती!"

"आधीचा व्याही बरा होता," होडीवाले पुटपुटले.

मुकादमाने निकाल दिला. उरलेले दिवस उरेमुश खणणार, पुढच्या वर्षीही खणणार. प्रश्न मूर्तीचा उरला. आईला वाहिलेली वस्तू परत घेता येत नाही आणि खोटे नावही आईपुढे ठेवता येत नाही.

शाशा म्हणाली, "मग नाव खोडा. दुदूबाबाचं घाला. दिवसभर खणून संध्याकाळी देवळात येतो, आईपुढं उभा राहतो. त्याच्या नावानं दगडसुद्धा खोटा पडणार नाही."

"माझ्यापाशी मेंढी नाही गं बाई," दुदूबाबा घाबरून म्हणाला.

सगळ्यांनी पुजाऱ्याकडे बघितले. पुजारी खाकरला. "एका मूर्तीला एकच मेंढी. ती आलेली आहे."

झाले. पाथरवटाने कोरले: "दुदू उभा आहे." आणि नवसात उभ्या असलेल्या माणसाचा तुकडा शेजारच्या घराने उपसायचा, हा रिवाजच. उरेमुश दोन्ही तुकड्यांच्या गाळात उतरला आणि दुदूबाबा काठावर उन्हात चटई विणत बसला.

"उरेमुशा, कंबरेतून नको रे, गुडघ्यातून वाक!"

संध्याकाळी मात्र म्हातारा पायीच देवळात जायचा आणि आपल्याच मूर्तीशेजारी हात जोडून उभा राहायचा. पुजाऱ्याने एकदा विचारले, "तू इथं उभा आहेसच की. मग परत कशाला येतोस?"

"हा बिचारा एकटा कंटाळतो," दुदूबाबा म्हणाला.

तर मंडळी, घरी जाल, कालव्याचे पाणी ओंजळीत घ्याल. उरेमुशला विसरलात तरी चालेल, त्याच्या बागेला पाणी भरपूर आहे. पण पहिल्या घोटाला त्या वाकलेल्या पाठीच्या दुदूबाबाची आठवण काढा. तुमच्या ओंजळीपर्यंत ते पाणी त्याच्या खोऱ्याने आणले आहे.