वेणूबाईसाहेबांनी वाऱ्याशी केलेला तह

श्री अग्नी प्रसन्न, आणि वायू त्याहून प्रसन्न असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, पौष मासी, तिसऱ्या मजल्यावरील राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्य तीन खोल्यांचे, पुढे उघडी गॅलरी, आणि गादीवर मातोश्री वेणूबाईसाहेब. कन्या कौमुदीबाई पहिल्या बाळंतपणास माहेरी आल्या, कन्यारत्न जाहले, आनंद बहुत जाहला. परंतु मातोश्रींचे वैर एकाशीच, तो वारा. वाऱ्यास याची खबर नव्हती, ती गोष्ट निराळी. बाळंतिणीस वारा लागला तर जन्माचे दुखणे, हे त्यांनी आपल्या आईपासून ऐकिले होते, सबब कन्येच्या कानांत कापूस, डोईस रुमाल, आणि न्हाण्यास कढत पाणी अखंड मिळावे म्हणून गॅसचा गीझर आणविला.

मग शिवाप्पा मिस्त्री बसवावयास आला, आणि न्हाणीघर पाहून त्याने अर्ज केला, "मावशी, हे आत टांगायचं नाही. बाहेर गॅलरीत लावतो, नळ तेवढा आत देतो. जाळाचा वायू कोंडला तर माणूस बसल्या जागी जातं. त्याला वास नाही, डोळ्याला दिसत नाही." मातोश्री रागावल्या. म्हणाल्या, "गॅलरीतून येईस्तोवर पाणी कोमट होईल. आणि भिंतीला भोक पाडून वारा घरात घेऊ? माझी पोर ओली बाळंतीण आहे." मिस्त्री म्हणाला, "मग माझ्या हातून होणार नाही," आणि हत्यारे गुंडाळून चालता जाहला. मातोश्रींनी हट्ट सोडिला नाही. दुसरा नळवाला आणून यंत्र आतच टांगविले, आणि झरोक्यातून झुळूक येते ऐसे पाहून, कौमुदीबाई तान्ह्या असता स्वहस्ते शिवलेली गोधडी पेटीतून काढून तेथे गच्च कोंबिली. किल्ल्याचा बंदोबस्त जाहला ऐसे मानून समाधान पावल्या.

दुसरे दिवशी सकाळी कौमुदीबाई न्हावयास बसल्या आणि मातोश्री नातीस मांडीवर घेऊन दाराशी बसल्या. आत कन्या नित्याप्रमाणे गुणगुणत होती, आणि मग पाणी वाहाते राहिले व गुणगुणणे थांबले. मातोश्रींनी विचारिले, "कौमे, पाणी कढत आहे ना गं?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारिली, उत्तर नाही. बाळंतिणीने आतून कडी लावू नये हा रिवाजही त्यांचाच, तो कामी आला. नातीस पाळण्यात ठेवून दार लोटिले, तो कन्या भिंतीस टेकून निपचित. मातोश्रींनी श्वास धरून नळ फिरविला, जाळ विझला, आणि गुडघ्यांच्या दुखण्याने जिना न उतरणारी ती बाई लेकीच्या काखेत हात घालून तीस ओढीत गॅलरीत घेऊन आली. बाहेर पौषाचा वारा सूं सूं करीत होता. मातोश्रींनी ओला देह पदराने झाकिला, तोंड मात्र वाऱ्याकडे केले, आणि जन्मभराच्या वैऱ्यास म्हणाल्या, "ये बाबा, ये. माझ्या लेकीच्या नाकात जा." आणि वारा आला. कन्येने श्वास ओढिला, मग ओकारी काढिली. शेजाऱ्यांनी इस्पितळात पोचविले, प्राणवायू लाविला, तिसरे दिवशी सुखरूप परतल्या. डॉक्टर म्हणाले, "आणखी पाच मिनिटं गेली असती तर," ते अर्धे वाक्य मातोश्रींच्या मनातून आजवर गेले नाही.

मग मातोश्रींनी स्वतः शिवाप्पास फोन केला. "शिवाप्पा, माझं चुकलं. पोर जाता जाता वाचली." तो इतकेच म्हणाला, "चहा टाका मावशी, मी येतो." त्याने यंत्र गॅलरीत हलविले, धुराचा पाइप उघड्यावर काढिला, झरोका मोकळा केला, आणि मातोश्रींस आतल्या नळाखाली हात धरावयास सांगितले. पाणी कढतच आले. मातोश्रींचे डोळे भरून आले.

येणेप्रमाणे तह ठरला की, यंत्राने घराबाहेर राहावे, वाऱ्याने झरोक्यातून सुखे यावे जावे, आणि मातोश्रींनी त्यास अडवू नये. गोधडी धुऊन नातीच्या अंगावर घातली. कन्या न्हाते तेव्हा मातोश्री अजून दाराशी बसतात, आणि गुणगुणणे जरा थांबले की हाक मारितात, आणि आतून ओ येईपर्यंत श्वास घेत नाहीत.